घरच्यांना घेऊन क्लायमेटच्या मोर्चाला जायचंय? नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

आम्ही घरचे पाच जण, म्हणजे मी, नवरा, सासूबाई, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा, गेल्या काही वर्षांत हवामान बदलाच्या, झाडांच्या, गोदावरीच्या अशा तीन-चार मोर्चांना जाऊन आलोय. पहिल्या वेळी सगळं चुकलं. नंतर जरा जमायला लागलं. मग सोसायटीतले, शाळेच्या गेटवरच्या आया, माहेरचे, सगळे तेच तेच विचारायला लागले म्हणून एकदाच टाईप करून ठेवतेय. मी वकील नाही की शास्त्रज्ञ नाही, सिडकोत राहणारी आणि निफाड तालुक्यात माहेर असलेली बाई आहे, तेवढं धरून वाचा.

लहान मुलांना न्यावं का? किती वर्षांपासून?

वयाचा नियम कुठं नाही. माझं मत विचाराल तर कडेवरचं बाळ आणि सातच्या पुढची मुलं सोपी, मधली दोन ते सहावाली सगळ्यात अवघड. कडेवरचं झोपतं, मोठ्यांना कळतं, मधल्यांना मात्र पंधराव्या मिनिटाला "आता घरी" होतं. आमच्या धाकट्यानं पहिल्या मोर्चात शालिमारपर्यंत घोषणा दिल्या आणि तिथून पुढं फक्त फुगा मागितला. त्यामुळं पूर्ण रूट चालायचाच असं ठरवून जाऊच नका. अर्धा तास चालायचं, मग एकानं मुलांना घेऊन बाजूला व्हायचं, दुसऱ्यानं पुढं जायचं. हे आदल्या दिवशीच नवरा-बायकोत ठरलेलं बरं, नाहीतर भर रस्त्यात "तूच म्हणाली होतीस" सुरू होतं आणि मग तोच मोर्चा.

मुलाला यायचंच नसेल तर? नका नेऊ. ओढत नेलेलं मूल सगळ्यांचा जीव खातं.

हे क्लायमेट वगैरे दिल्ली-मुंबईचं, आपल्या नाशिकचा काय संबंध? आपली हवा तर चांगली ना!

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि तो विचारणारे बहुतेक वेळा "पूर्वी आमच्याकडे पंखा लागायचा नाही" असं सांगणारेच असतात. आता मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि कूलरनं भागत नाही. हवेचं म्हणाल तर केंद्र सरकारनं २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम काढला, त्यात हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांची यादी आहे, आणि त्या यादीत नाशिक आहे. म्हणजे "थंड हवेचं नाशिक" हे आता पाहुण्यांना सांगायला.

पण मला पटलं ते माहेरी. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात निफाडकडं गारपीट झाली तेव्हा मी तिथंच होते. द्राक्षांची गोडी छाटणी (फळासाठीची) होऊन दीड महिना झालेला, घड दिसायला लागलेले, म्हणजे खर्च सगळा करून झालेला आणि हातात अजून एक रुपया नाही अशी ती वेळ. पंधरा-वीस मिनिटं गारा पडल्या. सकाळी भाऊ बागेत गेला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. त्यानंतर उरलेल्या बागेवर दावण्या, म्हणजे बुरशीचा रोग, येऊ नये म्हणून फवारण्या, त्याचा खर्च वेगळा. मग २०२५ च्या मे मध्ये, जेव्हा कांदा काढून शेतात नाहीतर चाळीत असतो, तेव्हा पाऊस असा लागून राहिला की उन्हाळा संपायच्या आधीच पावसाळा. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना "संबंध काय" असं विचारावं लागत नाही.

पण गारपीट तर पूर्वीपण व्हायची, पूरपण यायचा!

व्हायची. गोदेचा पूर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजायची आपली पद्धतच सांगते की पूर जुना आहे, पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं असं आजोबा सांगायचे. २००८ चा पूर सासूबाई अजून सांगतात, २०१६ आणि २०१९ चे आपण सगळ्यांनीच पाहिले.

त्यामुळं "ही एक गारपीट क्लायमेट चेंजमुळंच झाली" असं छातीठोक सांगायला जाऊ नका, अभ्यास असलेला माणूस समोर आला की पंचाईत होते. बरोबर म्हणणं असं आहे की हवा एक अंशानं तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते, मग पाऊस जेव्हा पडतो तेव्हा तो कोसळतो. फासे तेच, पण त्यातल्या वाईट बाजू जड होत चालल्यात. पॅरिस कराराच्या वेळी, २०१५ मध्ये, तापमानवाढ दीड अंशावर रोखायचा प्रयत्न करायचा असं ठरलं होतं. २०२४ हे पहिलं कॅलेंडर वर्ष निघालं ज्यात जगाची सरासरी तापमानवाढ त्या दीड अंशाच्या वर गेली. एका वर्षानं करार मोडला असं होत नाही, तो बऱ्याच वर्षांच्या सरासरीवर मोजतात, पण दिशा कळते.

आणि पुरात सगळा दोष आभाळाचा नाही हेपण मुलांना सांगा. नाल्यावर बांधकाम करायचं, नदीच्या पात्रात काँक्रीट ओतायचं आणि मग पाणी घरात आलं की वर बघायचं, हे आपलंच.

परवानगी लागते का? पोलीस पकडतील का?

शांतपणे, शस्त्राशिवाय एकत्र जमायचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये आहे, त्यावर सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी वाजवी बंधनं घालता येतात. प्रत्यक्षात परवानगी आयोजकांनी पोलिसांकडून घ्यायची असते, तुमची-माझी वेगळी लागत नाही. पण तुम्ही आयोजकांना सरळ विचारा, "परवानगीचं पत्र आलं का, रूट कोणता, किती वाजेपर्यंत?" जो आयोजक यावर "होऊन जाईल ताई" म्हणतो त्याच्या मोर्चाला मी मुलं नेत नाही. एकटी असले तर गोष्ट वेगळी.

आपल्याकडं महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश अधूनमधून निघतात, सणाच्या, निवडणुकीच्या आगेमागे तर हमखास, आणि एका वेळी ते पंधरा दिवसांपर्यंत असतात. पेपरात छोटी बातमी येते, ती बघून घ्या. पूर्वी ज्याला आपण १४४ म्हणायचो ते आता नवीन कायद्यात कलम १६३ झालंय, पण लोक अजून १४४ च म्हणतात.

माझा अनुभव म्हणाल तर बंदोबस्ताला असलेल्या बायका पोलीस मुलांशी फार छान वागल्या. एकीनं धाकट्याला विचारलं "तुझा फलक कुठंय?", तर हा म्हणाला "माझा हातच फलक आहे" आणि चिखलाचा हात दाखवला.

फलक कसा बनवायचा? काठी लावू का?

काठी लावू नका! वरती सांगितलेला मनाई आदेश लागू असेल तर त्यात काठ्या-लाठ्या बाळगण्यावरपण बंदी येते, आणि तुमचा झेंड्याचा दांडा काठी की नाही यावर भर उन्हात चर्चा करण्यात मजा नाही. शिवाय पोराच्या हातात काठी म्हणजे पुढच्याच्या डोळ्यात. आम्ही पुठ्ठ्याला दोन भोकं पाडून सुतळी ओवतो आणि गळ्यात अडकवतो, हात मोकळे राहतात. पुठ्ठा किराणावाल्याकडं मिळतो. फ्लेक्स छापू नका, प्लॅस्टिकच्या फ्लेक्सवर पृथ्वी वाचवा लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. थर्माकोल तर नकोच.

पुतळा जाळायचा विचारसुद्धा नको. मुलीला कोळशाचा राक्षस करायचा होता, दसऱ्याच्या रावणासारखा. प्रतिमा-पुतळ्यांवरपण त्याच आदेशात बंदी असू शकते, आणि धूर काढून हवेसाठी मोर्चा, म्हणजे काय बोलायचं. तिनं मग राक्षसाचं चित्र काढलं, त्याला एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या धुराड्यांसारखी शिंगं काढली. लिहिलेलं मात्र तिचं असू द्या, शुद्धलेखन तपासत बसू नका. "गोदामाईला ताप आलाय" हे तिनं स्वतः सुचवलं.

कुठून कुठं असतो साधारण?

प्रत्येक वेळी वेगळं. आपल्याकडं बरेच मोर्चे बी. डी. भालेकर मैदान किंवा गोल्फ क्लब, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावरून निघतात आणि शालिमार, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) करत कलेक्टर ऑफिसला जातात. गोदेचा विषय असेल तर रामकुंड, पंचवटी. झाडांचा असेल तर जिथं झाडं तिथं, २०२५ च्या शेवटी कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा लोक लेकराबाळांसकट तिथंच जमले होते. मुलांसाठी मला तसला कार्यक्रम जास्त आवडतो, सावली असते आणि हॉर्न नसतात.

गाडी कुठं लावायची?

सीबीएसजवळ लावायची स्वप्नं बघू नका. एकदा आम्ही "दहाच मिनिटं" म्हणून कडेला लावली आणि ती उचलून नेली, तो दंड मोर्चाच्या खर्चात धरला. सिटीलिंकच्या बसनं या, नाहीतर रिक्षा शेअर करा. परतीला लांब चालत जाऊन रिक्षा पकडावी लागते कारण जवळचे रस्ते बंद असतात, तेवढी ताकद मुलांच्या पायात शिल्लक ठेवा.

सोबत काय काय घ्यायचं?

पाणी. मग अजून पाणी. माणशी एक लिटर तरी, आणि ते घरच्या बाटलीत, बिसलरीचा क्रेट नको. टोपी किंवा ओला रुमाल. सुती पूर्ण बाह्यांचे कपडे. चपला नकोत, गर्दीत मागच्याचा पाय पडतो आणि चप्पल जाते ती जातेच, बूट घाला. खाऊ असा की जो वितळत नाही आणि हाताला चिकटत नाही, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, भडंग, केळी. उन्हाळ्यात ओआरएसची दोन पाकिटं, नसतील तर घरीच लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्यानं अर्धा चमचा मीठ. प्रमाण बदलू नका, मीठ जास्त झालं तर लहान मुलांना उलट त्रास होतो. एक रिकामी पिशवी कचऱ्याला. दम्याचा पंप ज्याचा आहे त्याच्याच खिशात, बॅगेच्या तळाला नाही.

मार्च ते जूनमध्ये अकराच्या पुढचा मोर्चा असेल तर मुलांना नेऊ नका, सरळ सांगते. चक्कर, डोकं दुखणं, मळमळ असं काही झालं की सावलीत बसवायचं, कपडे सैल करायचे, अंग ओलं करायचं. अंग भाजतंय आणि मूल असंबद्ध बोलायला लागलं तर थांबायचं नाही, १०८ ला फोन.

टॉयलेट?

घरून करून निघा. मधे काय मिळेल याची गॅरंटी नाही, मी एकदा एका ठिकाणी कुलूप बघून परत आलेय. बायकांनी पाणी कमी प्यायचं हा उपाय नाही हो, प्लीज. रूटवर ओळखीचं दुकान, नातेवाईकांचं घर, हॉटेल आधी हेरून ठेवा. आमची एक मावस नणंद रविवार कारंजाजवळ राहते, तिच्याकडं चहाच्या निमित्तानं पाच जण जाऊन येतात, तिला कळतं पण बोलत नाही.

मूल हरवलं तर?

निघताना मोबाईलमध्ये फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांत. दंडाच्या आतल्या बाजूला पेननं तुमचा नंबर लिहा, वरून ट्रान्सपरंट चिकटपट्टी, घामानं जात नाही. मुलाला सांगा, हरवलास तर शोधत फिरायचं नाही, आहेस तिथंच उभं राहायचं आणि पोलीस किंवा मुलं सोबत असलेल्या काकूला सांगायचं. भेटायची जागा आधीच दाखवून ठेवा, पुतळा, मोठं झाड, दुकानाची पाटी. पोलिसांचा नंबर ११२, मुलांच्या हेल्पलाईनचा १०९८. आणि सगळे ट्रॉलीच्या डीजेजवळ चालू नका, तिथं आई म्हणून कितीही ओरडलं तरी ऐकू येत नाही. आम्ही नेहमी शेवटच्या टोकाला चालतो, तिथं वाट मोकळी असते आणि कधीही बाहेर पडता येतं.

आजी-आजोबांना आणू का?

आणाच. फक्त चालवू नका. सासूबाईंना आम्ही रिक्षानं थेट शेवटच्या ठिकाणी नेतो, घडीची खुर्ची देतो. गुडघ्यांमुळं चालता येत नाही, पण तिथं त्या ज्या गोष्टी सांगतात त्या कुठल्या भाषणात नसतात. लहानपणी गोदेचं पाणी ओंजळीनं प्यायचो, हे त्यांनी माईकवर सांगितलं आणि पुढं बसलेल्या पोरांनी "ई" केलं. त्यावर त्या हसल्या नाहीत, गप्प झाल्या. बीपी-शुगरच्या गोळ्या वेळेवर, एवढं बघा.

शाळा बुडवून न्यायचं का? ती ग्रेटा तर शाळाच बुडवायची ना?

हो, ग्रेटा थुनबर्ग ऑगस्ट २०१८ मध्ये, पंधरा वर्षांची असताना, शाळा बुडवून स्वीडनच्या संसदेबाहेर एकटी जाऊन बसली, आणि वर्षभरानं सप्टेंबर २०१९ मध्ये जगभरात लाखो लोक रस्त्यावर आले, भारतातसुद्धा. पण आपल्याकडं बहुतेक कार्यक्रम रविवारीच असतात, त्यामुळं प्रश्न फारसा येत नाही. शुक्रवार आलाच तर मी शाळेला खरं कारण लिहून अर्ज देते. "ताप आला" लिहायचं नाही. ज्या विषयासाठी जातोय त्यासाठीच खोटं बोलायला शिकवायचं का?

आणि परीक्षेचं म्हणाल तर आपल्या नाशिकचाच किस्सा आहे. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा लाँग मार्च इथूनच, सीबीएसवरून निघाला, १८० किलोमीटर चालत मुंबईला. मुंबईत पोचल्यावर दहावीच्या पोरांच्या पेपरला अडचण नको म्हणून ते हजारो शेतकरी, पायाला फोड आलेले, दिवसा विसावा घ्यायचा सोडून रात्रीतूनच आझाद मैदानापर्यंत चालत गेले. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा.

मी सरकारी नोकरीत आहे, यावं का?

महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ चे आहेत, राजकीय चळवळींत भाग घेण्यावर त्यात बंधनं आहेत. ऑफिसात कुणी जाणकार असेल त्याला विचारा, माझ्यावर जाऊ नका. आमच्या ओळखीचे एक जण स्वतः येत नाहीत, बायको-मुलांना सोडून समोरच्या टपरीवर चहा पितात आणि बाटल्या भरून देतात. चालतं की.

राजकीय पक्षवाले घुसतात त्याचं काय?

घुसतात. निवडणूक जवळ आली की जास्तच. आमचा नियम एवढाच की कुणाचं उपरणं, कुणाची टोपी मुलांना घालू द्यायची नाही आणि कुणाच्या नावाचा जयजयकार सुरू झाला की पाणी प्यायला थांबायचं, पुढची रांग येते मग तिच्यात मिसळायचं. बाकी नदी सगळ्यांची, मतं कुणाचीही असोत.

फोटो टाकू का?

तुमचे टाका. दुसऱ्याच्या मुलांचे विचारल्याशिवाय नाही. स्वतःच्या मुलांचेपण शाळेचा गणवेश, आयकार्ड, सोसायटीचं नाव दिसेल असे नको. चॅनेलवाले मुलांपुढं माईक धरतात, "बाळा, तुला काय वाटतं?", आणि बाळाला काय वाटतं त्यापेक्षा त्यांना काय पाहिजे ते काढून घेतात. मुलगी एकदा रडायला लागली आणि त्यांना तेच हवं होतं. मी मधे हात घातला. मुलांना मोर्चाचा चेहरा वगैरे बनवायचं नाही, ती आपल्याबरोबर आलीयत, बस.

आम्ही स्वतः एसी लावतो, कारनं फिरतो, मग हे ढोंग नाही का?

मुलीनं हाच प्रश्न विचारला होता, ट्रॅफिकमध्ये, आमच्याच कारमध्ये बसून. मी म्हटलं, हो, थोडंसं आहे. पण बघ, मला सिडकोतून ऑफिसला बसनं जायचंय आणि बस दर दहा मिनिटांनी आली तर मी गाडी काढणार नाही. ती बस मी घरी बसून आणू शकत नाही, ती मागावी लागते. विजेचं तसंच. स्विच माझ्या हातात आहे, वीज कोळशाची की सूर्याची हे नाही. तिला अर्धंच पटलं. म्हणाली, मग पेट्रोलचे पैसे वाचले की मला सायकल घे. घेतली.

मोर्चानं होतं तरी काय? वीस फोटो आणि एक निवेदन!

बऱ्याच वेळा तेवढंच होतं, खोटं कशाला बोलू. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह इथं पंचवटीत सुरू झाला, दादासाहेब गायकवाड आणि हजारो लोक, त्यांनी वर्षानुवर्षं तो चालवला आणि तेव्हा दार उघडलं नाही. तरी नाशिकचं नाव त्यानं घेतलं जातं. आपला मोर्चा त्याच्या पासंगाला पुरत नाही हे मला कळतं, फक्त "लगेच काय झालं" ही फूटपट्टी चुकीची आहे एवढंच.

दुसरीकडं २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात म्हटलं की हवामान बदलाच्या वाईट परिणामांपासून मुक्त असणं हा समानतेच्या आणि जगण्याच्या हक्कात येतो, कलम १४ आणि २१. गंमत म्हणजे त्याच निकालात सौरऊर्जेची वीज नेणाऱ्या तारांसाठी, माळढोकच्या क्षेत्रात वरून तारा न्यायला आधी घातलेल्या बंदीचा फेरविचार झाला, म्हणजे पर्यावरण विरुद्ध पर्यावरण असेपण पेच असतात. मोठ्या मुलांशी यावर मस्त वाद घालता येतो.

माझं गाऱ्हाणं वेगळंय. निवेदनात "जागतिक तापमानवाढ थांबवा" लिहिलं की कलेक्टर ऑफिसात ते घेतात, हसतात आणि ठेवून देतात. त्यांच्या हातात असलेलं मागा. अमुक नाल्याचं सांडपाणी गोदेत कुठं मिसळतंय, तमुक सिग्नलवर उन्हाळ्यात सावली नाही, या रस्त्यावर तोडलेल्या झाडांच्या बदल्यात लावलेली झाडं कुठंयत, दाखवा. अशा मागणीला "बघतो" म्हणताना समोरच्याला जरा तरी अवघड जातं.

मुलगी घाबरलीय, "जग संपणार का" विचारते.

आमचीपण घाबरली होती. दोन रात्री झोपली नाही, आणि चूक माझी होती, मी फोनवर वितळणारे बर्फाचे कडे वगैरे दाखवत बसले. जग संपत नाही, काही गोष्टी अवघड होतात आणि किती अवघड होतात ते अजून ठरायचंय, असं सांगितलं. मग मामाच्या बागेत नेलं. मामानं नव्या काड्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब दाखवले, गारांनंतरचे. ते बघून तिला जेवढं बरं वाटलं तेवढं माझ्या बोलण्यानं वाटलं नव्हतं. आठवडे-आठवडे भीती जात नसेल तर समुपदेशकाकडं न्या, त्यात लाजायचं काय.

घोषणा कुठल्या द्यायच्या?

मुलांना यमक लागतं. आणि शिव्या असलेल्या घोषणा सुरू झाल्या की मागं सरका, दुसऱ्या दिवशी त्या शाळेत ऐकू येतात.

पाऊस आला तर?

जून ते सप्टेंबर रेनकोट, छत्री नको, गर्दीत छत्रीच्या काड्या लागतात. विजा कडाडत असतील तर मोर्चा सोडून पक्क्या छताखाली, झाडाखाली नाही. रामकुंडावर कार्यक्रम आणि गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असेल तर घाटावर उतरूच नका, पाणी बघता बघता चढतं.

संपल्यावर काय करायचं?

आधी मिसळ. हा भाग वगळला तर पुढच्या वेळी घरचे येत नाहीत. आपला कचरा आपण उचलायचा, पुठ्ठे घरी आणायचे, मागच्या बाजूवर पुढच्या वेळी लिहिता येतं.

आणि एक काम, जे कुणीच करत नाही. निवेदन दिलं की त्याच्या कॉपीवर आवक शिक्का आणि नंबर घ्या, फोटो काढा. महिन्याभरानं तो नंबर घेऊन जा आणि विचारा काय झालं. उत्तर नाही मिळालं तर माहितीच्या अधिकारात अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. मागच्या वेळी मी मुलीलाच सोबत नेलं. खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, "ही कशाला आली?" ती म्हणाली, "नंबर माझ्याकडंय." आणि वहीतून चिठ्ठी काढली. साहेबांनी फाईल शोधली तरी. पुढच्या टेबलावर पाठवलीय म्हणाले, पुढच्या महिन्यात आम्ही त्या टेबलावर जाणार आहोत.

कुत्र्याला आणू का?

नको हो. डांबर तापलेलं असतं, ढोल वाजतात, त्याला काय पडलंय.